खेळती मुले आणि घरातील अपघात

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्यासपीठावरून दरवर्षी विद्येचे, विवाहाचे आणि काटकसरीचे विचार मांडले जातात, व ते योग्यच आहे. यंदा चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी मुद्दाम एक घरगुती विषय घेतला. ज्या घरात दोन ते सहा वर्षांचे मूल आहे त्या घरात पडणे, चटका बसणे, बोट दारात चेंगरणे हे नित्याचेच. अशा वेळी आपण मोठी माणसे नेमके काय करतो, हे थोडे तपासून पाहावे एवढाच माझा हेतू आहे. मी वैद्य नाही, प्राथमिक शाळेतला शिक्षक आहे; तेव्हा सर्वमान्य झालेल्या गोष्टीच सांगेन, औषधे सांगणार नाही.

मूल पडले की आपल्याकडे पहिला उपचार जमिनीवर होतो! आजी भुईला चापट मारून म्हणते, "माझ्या बाळाला लागलं का? हात रे!" मूल हसते, रडणे थांबते. या प्रथेला नावे ठेवण्याइतका मी रुक्ष नाही. परंतु भुईला मारून झाले की पुष्कळदा तोच हात सुनेकडे वळतो. तो प्रत्यक्ष उगारला जात नाही, शब्दांनी उगारला जातो. "हिचे लक्ष कुठे होते?" हा प्रश्न जखम धुण्याच्या आधी विचारला जातो. एकत्र कुटुंबात पाच माणसे घरात असतात आणि दुसरा कोणी बघत असेल असे प्रत्येकाला वाटते. अपघात नेमका त्याच फटीतून शिरतो. तेव्हा "आता बाळाजवळ मी आहे" असे स्पष्ट बोलून दाखविण्याची सवय घरातील सर्वांनी, विशेषतः पुरुषांनी, लावून घ्यावी. चौकशी सावकाश करता येते. पहिली दहा मिनिटे मुलाची असतात.

त्या दहा मिनिटांत सर्वांत अधिक घोटाळा होतो तो भाजण्याच्या बाबतीत. चहाचा कप ओढून घेणे, कुकरला हात लावणे, कढत पाण्याच्या बादलीत हात घालणे ही त्याची नेहमीची कारणे. भाजलेल्या जागेवर कोणी टूथपेस्ट थापतो, कोणी तूप, कोणी शाई, कोणी बटाट्याचा कीस. हे सर्व प्रेमापोटीच होते. पण आतली उष्णता त्याने निघत नाही, आणि पुढे दवाखान्यात तो लेप खरवडून काढताना लेकराचे दुप्पट हाल होतात. खरा उपाय नळाला आहे. भाजलेला भाग गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. वीस म्हणजे घड्याळातील वीस. आपल्या अंदाजाची वीस मिनिटे पाचातच संपतात. नळाला पाणी नसेल तर तांब्यातांब्याने ओतत राहावे. बर्फ मात्र लावू नये. त्याने भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. बांगडी, वाळा, करदोडा सूज येण्यापूर्वी काढावा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. बाकीचे अंग कोरडे व उबदार ठेवावे. नंतर स्वच्छ धुतलेल्या कापडाने सैलसर झाकून डॉक्टरांकडे न्यावे. फोड फोडू नयेत. मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, अथवा चेहरा, हात, पाय किंवा गुह्यभाग भाजला असेल, तर घरी थांबण्याचा प्रश्नच नाही. आणि न्हाणीघरात एक नियम पाळावा : बादलीत आधी गार पाणी, मग ऊन. आपल्या आज्या हा नियम पाळीत, आणि तो अगदी शास्त्रशुद्ध होता.

बादलीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. रांगणारे मूल बादलीत डोकावते, तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला बाहेर येता येत नाही. चार बोटे पाणीही जिवावर बेतते, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. भरलेली बादली झाकावी, किंवा न्हाणीघराला बाहेरून कडी लावावी.

आता घशात अडकण्याविषयी. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सुपारीचे खांड, गोटी, फुग्याचा तुकडा हे पदार्थ आणि वस्तू आपल्या घरात सदैव हाताशी असतात. पाच वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा देऊच नये, कूट द्यावे. घास अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे, कारण खोकल्याइतका चांगला उपाय आपल्यापाशी नाही. परंतु आवाज फुटत नसेल, रडता येत नसेल, ओठ निळे पडू लागले असतील, तर एक क्षणही दवडू नये. मूल एक वर्षाच्या आतले असेल तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके खाली ठेवून हनुवटीला आधार द्यावा, आणि दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. वस्तू न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा द्याव्यात. त्याने भागले नाही तर पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच हिसके द्यावेत. ही हिसक्याची रीत हाइमलिक नावाच्या अमेरिकन शस्त्रवैद्याने 1974 साली प्रसिद्ध केली. तान्ह्या बाळाच्या पोटावर मात्र ती करू नये. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालणे सर्वांत वाईट, कारण ती अधिक खोल जाते. मूल निपचित पडले तर 108 क्रमांकाला ताबडतोब दूरध्वनी करावा. वस्तू निघाली तरी पोटावर हिसके दिलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवून आणावेच.

एक नवा शत्रू घरात आला आहे, तो आपल्या वडिलांच्या पिढीला ठाऊक नव्हता. खेळण्यांत, रिमोटमध्ये आणि गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत जी चपटी, चकाकणारी बॅटरी असते ती नाण्यासारखी दिसते. म्हणून "शौचावाटे पडेल" म्हणून लोक वाट पाहतात. नाणे गिळले तरी डॉक्टरांना दाखवावेच, परंतु ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत तेथे भाजल्यासारखी खोल जखम करू शकते. नुसता संशय आला तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे. उलटी करवू नये. रॉकेल किंवा संडास धुण्याचे औषध प्यायलेल्या मुलालाही मिठाचे पाणी पाजून ओकवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते, वा अन्ननलिका पुन्हा भाजते. असले द्रव सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणारा गृहस्थ सुशिक्षित म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोक्याला टेंगूळ आले म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, पण पुढील एकदोन दिवस लक्ष ठेवण्याचे आहे. पुन्हापुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी, झटके, कानानाकातून रक्त अथवा पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यांपैकी एकही खूण दिसल्यास रुग्णालय गाठावे. पडल्यावर शुद्ध हरपली असेल, किंवा मूल तान्हे असेल, तर खुणांची वाट न पाहता दाखवावे. मूल पडल्यावर झोपू देऊ नये असा समज आहे. झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावे, मधूनमधून हलवून ते ओळख देते ना हे पाहावे. हातपाय दुखावल्यास तेल लावून चोळू नये, ओढू तर मुळीच नये. मामा-काका कौतुकाने लहान मुलाला एका हाताने उचलतात किंवा दोन्ही हातांना धरून गरगर फिरवतात. त्याने कोपराचे हाड सरकते, आणि मूल हात लुळा सोडून बसते. डॉक्टर ते क्षणात बसवतात, पण ते काम त्यांचेच. नाकातून रक्त आले तर मान मागे न टाकता पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. जखम वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी, हळदीने भरू नये. लसीची नोंदवही जपावी. धनुर्वाताच्या लसीचे काय झाले हे डॉक्टर प्रथम विचारतात.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो ते बोलतो. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. दोन आठवडे त्याच्या जवळ कोणी बसेना, कारण त्याच्या एका नाकपुडीतून दुर्गंधी येई. सर्दीचे औषध चालू होते. एकाच नाकपुडीचा त्रास पाहून मी त्याला बाजूला घेतले, तेव्हा कळले की घरी खेळताना त्याने खोडरबराचा तुकडा नाकात घातला होता. "बाबा मारतील," म्हणून तो गप्प राहिला. डॉक्टरांनी चिमट्याने तो तुकडा क्षणात काढला. दवाखान्याच्या पायरीवरच वडिलांचा हात वर गेला. मी तो धरला आणि म्हणालो, "भाऊसाहेब, याच हाताला भिऊन पोराने दोन आठवडे सोसले." गृहस्थ चांगले होते, त्यांनी मुलाला उचलून घेतले. खोडरबराच्या जागी ती चपटी बॅटरी असती तर काय झाले असते, याचा विचार आपण करावा. शिस्त लावू नये असे मी म्हणत नाही, सारा जन्म मी तेच केले. पण इजेची बातमी घेऊन आलेल्या मुलाला त्या घटकेला मार किंवा टोमणा मिळाला, तर पुढची बातमी आपल्यापर्यंत येणार नाही.

घशात अडकलेली वस्तू काढण्याची रीत वाचून हाताला येत नाही. म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने, अल्पोपाहारानंतर शेजारच्या खोलीत आपल्याच ज्ञातीतील एक परिचारिका भगिनी बाहुलीवर तिचे प्रात्यक्षिक दाखविणार आहेत. तरुण आईबाप येतीलच. दिवसभर नातवंडे ज्यांच्या अंगावर असतात त्या आजी-आजोबांसाठी पुढच्या दोन रांगा राखून ठेवल्या आहेत.