मुलांच्या मोजमापातील मोठी माणसे

(एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘आपल्या आयुष्यातील महत्त्वाची माणसे’ हा विषय आयोजकांनी दिला, तेव्हा मला माझी जुनी दूरध्वनी-वही आठवली. पत्रकाराची खरी मिळकत ती वही. मंत्री, सचिव, कारखान्यांचे अध्यक्ष अशा सर्वांचे क्रमांक तीत होते. कोणाचा स्वीय सहायक केव्हा भेटतो, हेही मला मुखोद्गत होते.

२००४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. पहाटे आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी वही उघडून बसलो. एका ठिकाणी घंटी नुसतीच वाजत राहिली. दुसरीकडे ‘साहेब झोपले आहेत’ असे उत्तर मिळाले. तेवढ्यात माझी सहा वर्षांची मुलगी अनवाणीच बाहेर पडली आणि समोरच्या चाळीतून शाळेच्या रिक्षावाल्या काकांना उठवून घेऊन आली. त्यांनी आईला दोन्ही हातांवर उचलले, रिक्षात निजवले आणि दुपारपर्यंत ते रुग्णालयात थांबले. वेळेवर आणले म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाले.

ते गृहस्थ दोन वर्षे रोज आमच्या दारी येत होते. त्यांचे आडनाव मला त्या दिवशी रुग्णालयातील बाकावर बसून विचारावे लागले! मुलीला मात्र त्यांचे घर ठाऊक होते, त्यांच्या दोन्ही मुलांची नावे ठाऊक होती, त्यांच्या गुडघेदुखीचीही तिला माहिती होती.

लहान मूल अजाण असते, असे आपण म्हणतो. परंतु त्याचा स्वतःचा एक पक्का हिशेब असतो. माझ्यासाठी कोण थांबतो? माझे बोलणे कोण पुरते ऐकून घेतो? पद आणि पैसा या हिशेबात येतच नाहीत. निरागसता म्हणतात ती हीच असावी.

साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. शिक्षण, स्वातंत्र्याची चळवळ, कारावास असे पुष्कळ काही त्यांनी मधल्या काळात पाहिले होते. तरीही लेखणी हाती घेतल्यावर समोर उभी राहिली ती पालगडच्या घरातील माणसे. आई तर आहेच. पण अळणी भाजी मुकाट्याने खाणारे वडील आहेत, दूर्वांची आजी आहे, मोलमजुरी करणारी मथुरीही आहे. कोणत्याही इतिहासग्रंथात मथुरीला जागा मिळाली नसती. एका मुलाच्या मनात ती मिळाली, कारण त्याच्या आईने तिला माणूस म्हणून वागवलेले त्याने पाहिले होते.

माझ्या घरी नेमके उलटे घडले, हे आज येथे सांगितले पाहिजे. आजारपणानंतर आई आणखी चार वर्षे जगली. त्या सुमारास मुलगी दहा वर्षांची झाली होती. एके दिवशी सकाळी खाली भोंगा वाजला. खिडकीतून न पाहताच ती म्हणाली, “बाबा, रिक्षावाला आलाय.” काका हा शब्द गळून पडला होता. आजीला ज्यांनी उचलून नेले होते, तेच हे गृहस्थ! मी रागावणार होतो. पण तो स्वर, ती बेफिकिरी माझीच होती. ‘दूधवाला’, ‘कचरेवाली’, ‘वॉचमन’ ही भाषा ती शाळेत शिकली नव्हती. घरात ती रोज माझ्याच तोंडून ऐकत होती.

आई अंथरुणावरूनच नातीला म्हणाली, “काका म्हण गं.” मला काहीच म्हणाली नाही. ते आजही मला बोचते.

संस्काराचे वर्ग आपण मुलांसाठी भरवतो. परंतु माणसे ओळखण्याच्या बाबतीत मूल जन्मतः आपल्या पुढे असते. आपण त्याला मागे खेचतो. म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. आपल्या मुलाला विचारा, “तुला कोण कोण आवडते?” ते जी नावे सांगेल, त्यांतील किती माणसांची पूर्ण नावे आपल्याला ठाऊक आहेत ते पाहा. ठाऊक नसतील, तर उद्या त्यांना विचारून घ्या आणि विचारताना मुलाला सोबत न्या.