उन्हाळी अभ्यासवर्ग आणि अंतराळाची लांबची वाट

(युवक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१८ ऑक्टोबर २०१९ रोजी पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर, दोन स्त्रिया एक बिघडलेले यंत्र बदलत होत्या. स्थानकाच्या बॅटऱ्यांचे चार्जिंग नियंत्रित करणारे ते यंत्र. काम सात तास सतरा मिनिटे चालले. केवळ स्त्रियांनी केलेला तो इतिहासातील पहिला स्पेसवॉक होता. खरे तर तो त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात व्हायचा होता, परंतु योग्य मापाचे दोन पोशाख स्थानकावर तयार नसल्याने ऐनवेळी बेत बदलावा लागला. एवढ्या मोठ्या संस्थेचीही कधी कधी शिंप्यापाशी अडचण होते!

ख्रिस्तिना कोच आणि जेसिका मीर ही त्या दोघींची नावे. दोघींची अंतराळवीर म्हणून निवड २०१३ मध्ये एकाच तुकडीत झाली. त्याआधी दोघींनीही अंटार्क्टिकाच्या बर्फात काम केले होते. आणि त्याच्याही आधी, विशीच्या उंबरठ्यावर असताना, दोघी अंतराळविषयक अभ्यासवर्गातून गेल्या होत्या. कोच यांचा वर्ग उन्हाळी सुट्टीतला होता; मीर यांचा वर्षभराचा, पण तोही एका उन्हाळी वर्गातूनच जन्मलेला. वृत्तपत्रांचे सारे लक्ष स्पेसवॉककडे होते, त्यामुळे मधल्या वर्षांचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही. पालकांच्या दृष्टीने मात्र तोच महत्त्वाचा आहे.

कोच ज्या वर्गात होत्या त्याचे नाव ‘नासा अकादमी’. जेराल्ड सॉफेन या शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या गोडार्ड अंतराळ केंद्रात हा उपक्रम सुरू केला. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या मोहिमेचे सॉफेन हे प्रमुख वैज्ञानिक होते. मंगळावर जीवसृष्टी आहे काय, या प्रश्नाचे निर्विवाद ‘होय’ असे उत्तर त्या यानांना मिळाले नाही. ज्या माणसाने आयुष्याची ऐन वर्षे अशा प्रश्नामागे घालवली, त्याला पुढच्या पिढीची चिंता वाटावी हे स्वाभाविक होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यातील सुमारे दहा आठवडे एकत्र राहावे, प्रत्येकाने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष संशोधन करावे, आणि त्याच वेळी एवढी मोठी संस्था चालते कशी, निर्णय कोण घेतो, पैसा कोठून येतो, मोहीम रद्द का होते, हेही त्यांनी वरिष्ठांच्या तोंडून ऐकावे, अशी ही योजना. प्रयोगशाळेतील काम शिकविणारे वर्ग पुष्कळ असतात. संस्थेचा कारभार उघडून दाखविणारे थोडे. सॉफेन नोव्हेंबर २००० मध्ये निवर्तले. पुढच्याच उन्हाळ्यात, २००१ साली, उत्तर कॅरोलिनातील एक विद्यार्थिनी या वर्गात दाखल झाली. ती ख्रिस्तिना. तेव्हा तिचे आडनाव हॅमॉक होते.

पुढे काय झाले? विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र अशा दोन पदव्या, २००२ मध्ये पदव्युत्तर शिक्षण, आणि मग गोडार्डमध्येच खगोलभौतिकीच्या प्रयोगशाळेत उपकरणे तयार करण्याची नोकरी. आपल्याकडे अशा वेळी पेढे वाटले जातात आणि मुलगी ‘सेटल’ झाली असे म्हटले जाते. त्यांनी दोन वर्षांत ती नोकरी सोडली. २००४ ते २००७ या काळात त्या ध्रुवीय प्रदेशांत वावरल्या. अमुंडसेन-स्कॉट या दक्षिण ध्रुवावरील केंद्रात त्यांनी संपूर्ण हिवाळा काढला. तेथे सहा महिने सूर्य उगवत नाही, हिवाळ्यात विमान उतरत नाही, टपाल नाही, ताजी भाजी नाही. तापमान शून्याखाली सत्तर अंशांच्याही पलीकडे जाते. आग विझविणाऱ्या आणि हिमनदीवर बचावकार्य करणाऱ्या पथकांतही त्या होत्या.

तेथून परतल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या ‘जूनो’ यानावरील किरणोत्सारमापक उपकरणांसाठी काम केले. पुन्हा स्थिर नोकरी, आणि पुन्हा बर्फ! २०१० पासून अंटार्क्टिका, मग ग्रीनलंडमधील हिवाळा, नंतर अलास्का, आणि शेवटी प्रशांत महासागरातील अमेरिकन समोआ बेटावर वातावरणाचे मापन करणाऱ्या वेधशाळेच्या प्रमुख. बारा वर्षांत इतक्या जागा. एखाद्या मध्यमवर्गीय घरात अशा मुलीविषयी काय बोलले गेले असते, ते येथे उपस्थित असलेल्या मातापित्यांना सांगावयास नको.

पण हे सारे भटकणे निष्फळ होते काय? मोजके सहकारी, बाहेरून मदत नाही, हाताशी असेल त्या सामग्रीने उपकरण दुरुस्त करायचे आणि महिनोन्महिने एकमेकांना सांभाळून घ्यायचे. ध्रुवावरील केंद्राचे हे वर्णन अंतराळ स्थानकालाही तंतोतंत लागू पडते. १४ मार्च २०१९ रोजी अंतराळात गेलेल्या कोच ६ फेब्रुवारी २०२० रोजी परतल्या. ३२८ दिवसांचा हा मुक्काम एका उड्डाणातील स्त्री अंतराळवीराचा तोवरचा विक्रम ठरला. चंद्राला वळसा घालून येणाऱ्या आर्टेमिस-२ मोहिमेच्या चौघांतही एप्रिल २०२३ मध्ये त्यांचे नाव जाहीर झाले.

दुसरी वाट जेसिका मीर यांची. तिचे मूळ १९८७ मध्ये आहे. त्या वर्षी पीटर डायमँडिस, टॉड हॉली आणि बॉब रिचर्ड्स या तिघा तरुणांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ विद्यापीठाची स्थापना केली. ना इमारत, ना प्राध्यापकवर्ग. १९८८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत पहिला वर्ग भरला, तेव्हा २१ देशांतील १०४ विद्यार्थी आले. त्यानंतर हा वर्ग वेगवेगळ्या गावी भरत गेला. टोरांटो, तुलूझ, जपानमधील किताक्युशू, बार्सिलोना, थायलंड, चिली, बीजिंग. विद्यापीठाला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ स्थिर घर मिळाले आणि १९९५ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्या अभ्यासक्रमाच्या मीर २००० सालच्या पदवीधर. अभियंता, वैद्य, वकील, कलावंत सर्वांनी एकाच बाकावर बसून अंतराळाचा विचार करायचा, ही तेथील रीत.

मीर मूळच्या जीवशास्त्राच्या. त्यांनी अंटार्क्टिकात सम्राट पेंग्विनांचा अभ्यास केला: बर्फाखाली बुडी मारणारा हा पक्षी इतका वेळ श्वासाविना कसा राहतो? त्यानंतर त्यांनी निवडला तो पक्षी आपल्या परिचयाचा आहे. पट्टकादंब. मध्य आशियातून हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतातील जलाशयांवर उतरणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. महाराष्ट्रातील पक्षिमित्र थंडीत दुर्बिणी घेऊन त्याचीच वाट पाहत असतात. एवढ्या विरळ हवेत तो उडतो कसा, हे शोधण्यासाठी मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिले लहानपणापासून सांभाळून वाढविली, त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात उडण्यास शिकविले आणि चोचीवर मुखवटा बसवून प्राणवायू कमी-कमी करीत त्यांची मापे घेतली. तो शोधनिबंध सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात मीर स्वतः अंतराळ स्थानकावर पोहोचल्या.

अर्थात, वर्गातून बाहेर पडलेला प्रत्येक जण अंतराळवीर होत नाही. बहुतेक होत नाहीत. या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आज पाच हजारांहून अधिक आहेत आणि ते संशोधन, उद्योग, कायदा, शासन, अध्यापन अशा अनेक क्षेत्रांत विखुरलेले आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या सुस्मिता मोहंती यांचे उदाहरण घ्या. वस्तूंची रचना करणे हा त्यांचा विषय. स्ट्रासबुर्गच्या अभ्यासक्रमानंतर त्यांनी सॅन फ्रान्सिस्को, व्हिएन्ना आणि नंतर भारत अशा तीन ठिकाणी अंतराळाशी निगडित कंपन्या उभारल्या. खाजगी अवकाश उद्योग हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी त्यांची ‘अर्थ टू ऑर्बिट’ भारतात काम करीत होती. कोरियाच्या यी सो-यॉन यांचा क्रम तर उलटा. त्या एप्रिल २००८ मध्ये अंतराळात जाऊन आल्या आणि २००९ च्या उन्हाळी वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसल्या. पुढे त्यांच्या देशाने मानवी उड्डाणांचा मार्ग चालू ठेवला नाही आणि २०१४ मध्ये त्यांनी आपली संस्था सोडली. शिखर आधी गाठले, तरी ‘आता काय करायचे’ हा प्रश्न सुटत नाही.

येथे पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. नासा अकादमीसारखे उपक्रम प्रामुख्याने अमेरिकन नागरिकांसाठी असतात. भरमसाट शुल्क घेऊन शाळकरी मुलांना ‘नासा’ दाखवून आणणाऱ्या सहली हा निराळा प्रकार आहे. त्यात गैर काही नाही, मुलांना आनंद होतो. पण तिला निवड समजू नये आणि त्या प्रमाणपत्राची चौकट करून दिवाणखान्यात लावण्यापूर्वी थोडा विचार करावा.

त्याऐवजी आपल्या घराजवळ काय आहे ते पाहावे. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या ‘आयुका’मध्ये उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सुमारे सात आठवड्यांचा संशोधनवर्ग असतो. त्यात उत्तम काम करणाऱ्यास तेथेच पीएच.डी.साठी निवडले जाण्याची संधी असते. शाळकरी मुलांनी सुट्टीतला एक आठवडा शास्त्रज्ञाच्या सोबतीने घालवावा, अशी प्रथाही तेथे पडली. आणि २०१९ पासून इस्रोने ‘युविका’ हा दोन आठवड्यांचा युवा विज्ञानी कार्यक्रम सुरू केला. नववीचे विद्यार्थी, प्रवास व निवासाचा खर्च इस्रोचा, ग्रामीण शाळांतील मुलांना निवडीत झुकते माप. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्य व केंद्रशासित प्रदेशातून तीन याप्रमाणे सुमारे एकशेदहा मुले तिरुवनंतपुरम, बंगळुरू, अहमदाबाद आणि शिलाँग येथील केंद्रांत गेली. करोनामुळे दोन वर्षे खंड पडला. २०२२ पासून वर्ग पुन्हा भरू लागले.

२०१९ च्या त्या पहिल्या तुकडीतील मुले २०२२ च्या सुमारास बारावी झाली असतील. म्हणजे कोच यांनी गोडार्डच्या वर्गात पाऊल टाकले त्या वयाला ती आता पोहोचली आहेत. मधल्या काळात २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खाजगी उद्योगास खुले झाले, २०२२ च्या नोव्हेंबरात पहिले खाजगी भारतीय रॉकेट उडाले, २०२३ मध्ये चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. दारे अधिक उघडली आहेत. मात्र याच वयात घरातून पहिली ठाम सूचना येते: आधी पगाराची नोकरी धर, आवड नंतर बघू. सूचना देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कर्जाचे हप्ते त्यालाच भरायचे असतात. परंतु पोराने मध्येच दोन वर्षे हिमनदीवर, समुद्रात किंवा जंगलात उपकरणे घेऊन काढतो म्हटले, तर त्याला वेड्यात काढण्यापूर्वी समोआ बेटावरील ती वेधशाळा आठवावी.

नासा अकादमीच्या विद्यार्थ्यांची माजी विद्यार्थी संघटना आहे. स्ट्रासबुर्गची तर जगभर पसरलेली आहे. जुना विद्यार्थी नव्याला पत्ता सांगतो, शिफारस करतो, प्रसंगी आपल्याकडे कामाला घेतो. आपल्या तालुक्यातून ‘युविका’ला किंवा अशा एखाद्या वर्गाला गेलेले मूल आज कोठे आहे, हे शोधणे काही अवघड नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारले तर नाव कळेल, घर सापडेल. येत्या सुट्टीत तेथे जावे, त्याचे काय चालले आहे ते विचारावे, आणि आठवी-नववीच्या चार मुलांना सोबत न्यावे.