नखाएवढा तुकडा



आमचे काम रुग्णांना सहसा दिसत नाही. आमच्या हाती येतो तो मांडीच्या वा दंडाच्या स्नायूचा नखाएवढा तुकडा. तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवला, की त्यातील एन्झाइम निकामी होतात. म्हणून द्रव नायट्रोजनने उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो काही क्षणांत गोठवावा लागतो. एका शेतमजूर भगिनीचा तुकडा परगावाहून फॉर्मॅलिनमध्येच आला. पुन्हा छेद घ्यावा लागेल, हे तिच्या यजमानांना सांगताना आम्हांस फार संकोच वाटला. आनुवंशिक स्नायुक्षय आहे, उपाय नाही, असे तिला पूर्वी सांगितले गेले होते. दुसऱ्या तुकड्यात मात्र दिसला तो दाह. आणि दाहावर स्टेरॉइडचा उपचार आहे. सहा महिन्यांनी ती जिना चढून आमच्या दालनात आली.

मेंदूची गोष्ट निराळी. तेथे कवटी उघडलेली असते, शल्यचिकित्सक थांबलेले असतात आणि प्राथमिक निदान अर्ध्या तासात कळवायचे असते. स्कॅनवर अर्बुद भासणारी गाठ आपल्या देशात कधी कधी क्षयाची निघते; ती बहुधा औषधांनीच विरते. अर्बुदच असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार अनेकदा त्यातील जनुकीय बदलही तपासावे लागतात. त्या अहवालास दिवस लागतात. बाहेर बसलेल्यांची घालमेल आम्ही जाणतो.

आप्तेष्टांना एक विनंती आहे. स्नायूचा तुकडा काढण्याची तारीख ठरताच, तो कसा पाठवावा हे आम्हांस दूरध्वनीवरून विचारण्यास आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.