लावणी आणि उजळणी

श्रोतेहो, सरस्वती महालाचे तंजावर आपणांस परिचित आहे. भोवतालची भातखाचरे तितकीशी नाहीत. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडावयाचे, असा तेथील जुना प्रघात. पाणी आले की कुरुवै भाताची लावणी सुरू होते, आणि शेतात राबणाऱ्या मुलीची वही मिटते.

अशा मुलीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे मानसशास्त्र घरी राहून शिकता येते. पाठ भ्रमणध्वनीवरही मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते.

परंतु तिचे भय निराळे असते : मध्यंतरी सारे विसरले, तर? याचे उत्तर तिच्याच विषयात आहे. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले, की विसरलेला पाठ पुन्हा शिकावयास पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आणि एका बैठकीतील घोकंपट्टीहून अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते.

तेव्हा खंड पडला म्हणून अभ्यास बुडाला, असे तिने मानू नये. घरच्यांनीही एवढेच पाहावे, की लावणी आटोपताच ती वही पुन्हा उघडली जाईल.