हाली रुपयाचा बट्टा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



लक्ष्मीपूजनाच्या तबकात आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी चारमिनारच्या छापाचा एखादा रुपया असेल. आमच्याकडे आहे. तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील यात्रेत लुगडी विकून माझे आजोबा हाली रुपये आणीत आणि म्हणत, "सात आणले की सोलापुरात सहा होतात!"

या एका रुपयाच्या तुटीमागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निजामाचा खजिना रिता झाला होता. फौजेचा पगार तुंबलेला, सावकारांचे देणे डोईजड. अखेर १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्या काळी राज्यात टांकसाळीही अनेक होत्या. ज्या नारायणपेठची लुगडी आपल्या भगिनी हौसेने नेसतात, तेथेही रुपये पडत. चांदीत तांबे अधिक मिसळले की तितक्याच चांदीत रुपये जास्त होतात. तंगीतल्या राज्यकर्त्याला हा मोह आवरणे कठीण. सराफाजवळ कसोटीचा दगड होता, व्यापाऱ्याला बट्ट्याचा हिशेब येत होता. मजुराजवळ दोन्ही नव्हते. रुपया मिळताना त्याला पुरता मोजून मिळे, देताना मात्र बट्टा लागे.

त्याच वर्षी सालारजंग दिवाण झाले. त्यांनी नाण्याला शिस्त लावली आणि हाली, म्हणजे चालू, शिक्का रूढ झाला. १८६० मध्ये नळदुर्ग व रायचूर परत मिळाले आणि ५० लाखांचे कर्जही माफ झाले.

पुढचा चारमिनारचा रुपया लबाडीचा नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. त्याचे वजन १७२॥ ग्रेन, त्यात हजारी ८१८ भाग चांदी. इंग्रजी कलदार १८० ग्रेनांचा, चांदी बारापैकी अकरा भाग. गुणाकार केला तर शुद्ध चांदी अनुक्रमे १४१ व १६५ ग्रेन भरते. आजोबांचे त्रैराशिक बरोबर होते!

पण कलदाराचा ताठाही टिकला नाही. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून त्यात निम्मीच चांदी राहिली.

मागे शेजारच्या काकूंनी नातीच्या लग्नासाठी सासूबाईंचे दहा कलदार मोडावयास काढले. सराफाने निम्म्या चांदीचेच मोल सांगितले, तेव्हा त्या रडकुंडीस येऊन माझ्याकडे आल्या. मी चष्मा लावून सन वाचले. दहाही रुपये १९४४ चे होते. सराफ खरे बोलत होता.