केसपेपरवरचा ‘व्यवसाय’



 मुंबई-पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ आणि पेण-रोह्याचे डॉक्टर, आपण सगळे पेणला वेळेवर पोचलात, तेव्हा गणपतीच्या या गावात कार्य सिद्धीस जाणार याबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती आकड्यांबद्दल. रुग्णालयात येणाऱ्यांत ॲलर्जीचे आणि स्वयंप्रतिकार त्वचाविकार किती, हा आजचा विषय. पण ओपीडीचं रजिस्टर म्हणजे गाव नव्हे. पेम्फिगस या स्वयंप्रतिकार विकाराचा रुग्ण अंगभर फोड आले, तोंडात घास जाईना, की रुग्णालय गाठतोच. अंगावर पित्त उठलेला माणूस मात्र मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जातो. दुर्मीळ आजार वहीत फुगतो, रोजचा आक्रसतो. कोडाचं आणखी निराळं. जगात शंभरातल्या अर्ध्या ते दोन जणांना ते असतं, पण लग्नाची मुलगी घरात असली की डाग डॉक्टरलाही दाखवत नाहीत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा कोडावरचा ‘नितळ’ हा चित्रपट येऊन गेला, तरीही.

हाताच्या इसबाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तो आमच्या घरचा. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत बायका मूर्तींना पॉलिश पेपर मारतात, रंग लावतात आणि संध्याकाळी तो निघावा म्हणून थिनरने हात धुतात. पेरांना भेगा, मीठ लागलं की आग. केसपेपरवर व्यवसाय काय? ‘गृहिणी’. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराच्या नावापुढे ‘मजुरी’. कोणत्या रसायनाशी गाठ आहे, हे विचारायला रांग थांबत नाही. ॲलर्जी कशाची ते शोधणारी पॅच टेस्ट सांगावी तर पाठीला दोन दिवस पाणी लावायचं नाही आणि हेलपाटे तीन. रोजावरच्या माणसाला ते परवडत नाही. मग शेजारणीने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब. नायट्यालाही तीच! खाज थांबते, नायटा पसरतो, रूप बदलून आपल्यापुढे येतो आणि घाईत आपण लिहितो ‘ॲलर्जी’. अशा नोंदींची टक्केवारी काढून करायचं काय?

पुण्याच्या आसपास शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेवरच्या इसबाचं मूळ गाजरगवतात सापडलं. नुसतं ‘शेती’ लिहून असं मूळ हाती लागत नाही.

तेव्हा चर्चेअंती ठराव करायचा झाला, तर एकच करावा. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत, आपापल्या दवाखान्यांतही, त्वचेच्या प्रत्येक रुग्णाला तीन गोष्टी विचारायच्या : काम नेमकं काय, हात कशाला लागतात, आणि धुता कशाने. उत्तरं केसपेपरवर लिहायची. वर्षभर एवढं करू या, आणि मग आकडे मांडायला पुन्हा इथेच जमू या.