कणी



आजच्या समारंभासाठी आम्ही अगदी बारीक विषय निवडला आहे : ‘कणी’ हा शब्द. निमित्त घरातलेच. मध्यंतरी जेवताना आम्ही म्हणालो, "भातात कणी राहिली आहे." जयपुरातच जन्मलेली आमची नात तत्काळ पानात खडा शोधू लागली! सगळे हसले, आमचा घास मात्र क्षणभर घशाशी अडला.

संस्कृतात ‘कण’ म्हणजे धान्याचा बारीक अंश. शेतात सांडलेले कण वेचून खाणारे म्हणून वैशेषिक दर्शनाच्या कर्त्यांना ‘कणाद’ हे नाव पडले, असे परंपरा सांगते. आणि परमाणूचा विचार मांडणारेही तेच, ही मौज आहे. ‘कण’चे लघुरूप ‘कणिका’. मृत्तिकेची जशी माती झाली, तशी कणिकेची कणी. सडताना तांदूळ मोडला की त्याची कणी होते, आणि गरिबाघरी या कण्याच शिजत. विदुराघरच्या कण्या श्रीकृष्णाने आवडीने खाल्ल्याची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. याच कणीला हिऱ्याची सोबत लाभली की ‘हिरकणी’ होते. रायगडावरचा बुरूज जिच्या नावाने ओळखला जातो, त्या कथेतल्या गवळणीच्या आईबापांनी काय कौतुकाने हे नाव ठेवले असेल!

आता आपल्या या गावाकडे वळू. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलेले हे शहर रत्नांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध. हिंदीत ‘कनी’ म्हणजे तांदळाचा तुकडा, तसाच हिऱ्याचाही. पुलावाचा तांदूळ किंचित कच्चा ठेवायचा असेल तर ‘एक कनी’ राहू द्या, असे इथला आचारीही सांगतो. म्हणजे शब्द परका नाहीच. फक्त ‘ण’चा ‘न’ झाला. राजस्थानीने मात्र आपल्यासारखाच ‘ण’ जपला आहे. खेड्यातली बाई ‘पाणी’ म्हणते, तेव्हा आम्हांला हटकून माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

त्या दिवशी आम्ही नातीपुढे भाताचे शीत दोन बोटांत चिरडून आतला कच्चा पांढरा ठिपका दाखवला. "अहो आजोबा, ही तर कनी!" ती म्हणाली. आम्ही ‘ण’वर अडून बसलो, ती ‘न’वर. तो वाद अद्याप मिटलेला नाही.